सर्व्हेअर कुणाचा माणूस?

गोदामाला आग लागली की व्यापाऱ्याच्या दारात तीन माणसे येतात. बंबवाला, पोलीस आणि विम्याचा सर्व्हेअर. पहिले दोघे पाणी मारून आणि पंचनामा करून त्याच दिवशी निघून जातात. तिसरा मात्र कित्येक महिने येत-जात राहतो, आणि आपण पुन्हा उभे राहणार की बाजारातून उठणार हे शेवटी त्याच्या कलमाने ठरते. असे असूनही या तिसऱ्या माणसाविषयी आपल्या व्यापारी आणि कारागीर बंधूंना फार कमी माहिती असते. तो कोण, त्याला कोणी नेमले, त्याने कसे वागावे याचे काही कायदेकानून आहेत की नाहीत, याची चौकशी आपण माल जळाल्यावर करतो. काहीजण तर तेव्हाही करीत नाहीत. 'साहेबांना काय द्यायचे?' एवढेच विचारतात.

विमा जायज की नाजायज हा मसला आम्ही येथे काढत नाही. तो उलेमांचा आहे आणि त्यांच्यातही त्यावर एकमत नाही. पण ज्याने बँकेकडून सीसी घेतली आहे, लूमसाठी कर्ज काढले आहे, त्याच्या मालाचा आणि मशिनरीचा विमा बँक उतरवायला लावतेच. हप्ता खात्यातून कापला जातो, पॉलिसी बँकेच्या कपाटात पडून राहते आणि मालकाने तिचे पहिले पानही पाहिलेले नसते. म्हणजे विमा आपल्याकडे आहे, इल्म तेवढे नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. सर्व्हेअर हा विमा कंपनीचा वकील नाही. १९३८ च्या विमा कायद्यात १९६८ साली दुरुस्ती झाली आणि कलम ६४-यूएम आले. तेव्हापासून ठरावीक रकमेवरच्या क्लेमसाठी परवानाधारक सर्व्हेअरचा अहवाल हा कायद्याचा भाग झाला. पुढे विमा नियामक प्राधिकरण आले आणि त्याने २००० साली सर्व्हेअर व लॉस असेसर यांच्या परवान्याचे आणि आचारसंहितेचे नियम काढले. २०१५ मध्ये हे नियम नव्याने लिहिले गेले. सर्व्हेअरांची स्वतःची संस्थाही आहे, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ इन्शुरन्स सर्व्हेयर्स अँड लॉस असेसर्स या नावाची. सभासद झाल्याशिवाय आणि परीक्षा दिल्याशिवाय परवाना मिळत नाही, आणि परवानाही सरसकट नसतो. आगीचा वेगळा, समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाचा वेगळा, मोटारीचा वेगळा, मशिनरीचा वेगळा.

आचारसंहिता वाचायला बसले तर कंटाळवाणी वाटते, पण तिच्यातली प्रत्येक ओळ आपल्या गोदामाशी संबंधित आहे. सर्व्हेअरने सचोटीने वागावे. विमा कंपनीच्या सांगण्यावरून काम करीत असला तरी विमेदाराच्या क्लेमबाबत निःपक्ष राहावे. त्या मालात आपले, आपल्या नातेवाइकाचे किंवा भागीदाराचे हितसंबंध असतील तर आधीच जाहीर करावेत. जे काम आपल्याला जमत नाही ते घेऊ नये. ज्यांच्याशी काम पडेल त्या सर्वांशी अदबीने वागावे. केलेल्या कामाची नोंद ठेवावी, आणि हाताखालच्या माणसाला पाठवले तरी जबाबदारी स्वतःची मानावी. नुकसान का झाले, किती झाले, माल कोणाच्या मालकीचा होता, विमा कमी रकमेचा होता का, वाचलेल्या मालाचे काय करावे, हे सारे तपासून लिहावे. विमेदाराने मागितली तर अहवालाची प्रतही त्याला मिळायची आहे. आमचा अनुभव असा की शंभरातले नव्वद व्यापारी ही प्रत मागतच नाहीत. क्लेम कापून आला की दलालाला शिव्या देतात.

इंग्लंडात चार्टर्ड सर्व्हेअर म्हणतात तो आणखी वेगळा माणूस. तो जमीन आणि इमारती मोजतो, त्यांची किंमत ठरवतो. त्यांची संस्था १८६८ साली लंडनमध्ये निघाली, १८८१ मध्ये तिला शाही सनद मिळाली, आणि २०२२ पासून तिचे वर्तणुकीचे नियम फक्त पाच आहेत: प्रामाणिक राहा, काम येत असेल तरच करा, मेहनतीने करा, लोकांना इज्जत द्या, जनतेचे हित सांभाळा. ऐकायला सोपे वाटते. तिकडे विम्याच्या नुकसानीसाठी आणखी दोन प्रकारची माणसे असतात. कंपनीने नेमलेला तो लॉस अ‍ॅडजस्टर, आणि ज्याचे नुकसान झाले त्याने स्वतःच्या पैशाने नेमलेला तो लॉस असेसर. आपल्याकडे 'सर्व्हेअर आणि लॉस असेसर' असे दोन्ही शब्द एकाच माणसाच्या पाटीवर असतात, आणि त्याला नेमते कंपनी. त्याची फीही कंपनीच देते.

खरी अडचण येथेच आहे. नियमांत निःपक्षपात लिहिला आहे, पण पुढचे काम देणारा हात एकाच बाजूचा आहे. जो सर्व्हेअर दर वेळी विमेदाराच्या बाजूने आकडा लिहील त्याला कंपनी पुन्हा बोलावेल का, हा प्रश्न आम्ही दोन-तीन सर्व्हेअरांनाच चहाच्या कपावर विचारला आहे. ते हसतात, उत्तर देत नाहीत. सगळेच सर्व्हेअर बेइमान आहेत असे आम्ही म्हणत नाही. उन्हात, राखेच्या ढिगावर उभे राहून एकेक गाठ मोजून घेणारे सर्व्हेअरही आम्ही पाहिले आहेत, आणि कंपनीने आकडा खाली आणायला सांगितला तरी आपला अहवाल न बदलणारेही. पण अशा माणसाला आधार हवा. त्याचा आधार म्हणजे हीच आचारसंहिता. ती फक्त त्याच्या कपाटात न राहता आपल्याही हातात असली पाहिजे.

का, ते सांगतो. २००९ साली सुप्रीम कोर्टाने प्रदीपकुमार यांच्या खटल्यात म्हटले की सर्व्हेअरचा अहवाल हा अखेरचा शब्द नाही, पुरावा असेल तर त्यापासून दूर जाता येते. त्याच वर्षी श्री वेंकटेश्वर सिंडिकेटच्या खटल्यात म्हटले की विमा कंपनीला मनासारखा अहवाल मिळेपर्यंत एकामागून एक सर्व्हेअर नेमता येणार नाहीत. दुसरा नेमायचा तर कारण द्यावे लागेल. हे दोन्ही निकाल आपल्या कामाचे आहेत. पण सप्टेंबर २०२१ मध्ये खटेमा फायबर्सचा निकाल आला. त्या कारखान्याच्या रद्दी कागदाच्या साठ्याला आग लागली होती. कारखान्याचा आकडा मोठा, सर्व्हेअरचा त्याहून कितीतरी लहान. कोर्टाने अपील फेटाळले आणि सांगितले की ग्राहक मंचाने सर्व्हेअरच्या अहवालाची चिरफाड करीत बसू नये. सर्व्हेअरने आचारसंहितेप्रमाणे आपले कर्तव्य केले की नाही, अहवाल मनमानी आहे की नाही, एवढे पाहावे. केले असेल आणि कंपनीने त्याप्रमाणे पैसे देऊ केले असतील, तर ग्राहक मंचाचे काम तेथे संपते.

हा निकाल समजून घेणे आपल्या फायद्याचे आहे. पूर्वी व्यापारी कोर्टात जाऊन म्हणायचा की माझा माल जास्त होता, ही बिले बघा. आता पहिला सवाल असा येईल की सर्व्हेअर कोठे चुकला? त्याने पाहणी केली नाही? ऐकून घेतले नाही? काम येत नसताना घेतले? कारण न देता आकडा कापला? आणि या सवालाचे उत्तर दोन वर्षांनी कोर्टात तयार होत नाही. ते आगीच्या दुसऱ्या दिवसापासून कागदावर लिहीत गेले पाहिजे.

म्हणून सर्व्हेअर दारात आला की त्याला सन्मानाने बसवावे, पाणी द्यावे, आणि परवान्याचा नंबर व विभाग विचारून लिहून घ्यावा. यात अपमान काही नाही; चांगला सर्व्हेअर स्वतःच कार्ड पुढे करतो. मोटारीच्या कामात आयुष्य गेलेला माणूस कापडाच्या गोदामात आला तर काय होते ते आम्ही पाहिले आहे. त्याला साठच्या सुताची कॅम्ब्रिक आणि तीसची पॉपलिन दोन्ही 'पांढरे कापड' वाटतात आणि दोन्हींना तो एकच भाव लावतो. एका क्लेममध्ये एवढ्यानेच मीटरमागे कित्येक रुपयांचा फरक पडला. जे काम येत नाही ते घेऊ नये हा नियम याचसाठी आहे, आणि याबाबतची हरकत पहिल्याच आठवड्यात पत्राने कंपनीला कळवावी लागते.

कापडाचे नुकसान मोजणे सोपे नाही, हे आपल्याला ठाऊक आहे, बाहेरच्याला नसते. सुती माल जळून राख होतो, पॉलिस्टर वितळून त्याचा काळा गोळा होतो. राखेचे वजन करून ताके निघत नाहीत आणि गोळ्यावरून मीटर निघत नाहीत. तेथे थप्पी किती उंच होती, किती लांब होती, एका गाठीचे माप काय, गाळ्यात एवढा माल मावतो तरी का, यावरून हिसाब करावा लागतो. हे काम सर्व्हेअर आणि आपण दोघांनी मिळून, दोघांच्या सहीने व्हायला हवे. भिंतीवर धुराची रेघ जेथे थांबली असेल तेथपर्यंत माल होता की नव्हता, हे राख उचलण्यापूर्वीच फोटोत यायला पाहिजे. आपल्याकडे लोक घाईने साफसफाई करतात. बायकामुलांना ते दृश्य बघवत नाही हे खरे, पण एकदा राख कचरागाडीत गेली की पुरावाही गेला.

पुराचे प्रकरण आगीपेक्षा अवघड. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला. त्या पाण्यात मुंबईपासून भिवंडीपर्यंत किती गाळे बुडाले हे कापड बाजारातले लोक विसरलेले नाहीत. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेने तेच भोगले. कोऱ्या सुती कापडाला सायझिंगची कांजी असते. असे कापड भिजले आणि गाठीत दाबलेले राहिले की थोड्याच दिवसांत बुरशी धरते, डाग पडतात, मग धुऊनही जात नाहीत. पॉलिस्टरचे तसे नाही. ते वेळेवर उघडून वाळवले तर बराच भाव येतो. आता सर्व्हेअर जर पंधरा-वीस दिवसांनी आला आणि म्हणाला की तुम्ही माल वाचवायला हवा होता, किंवा सडलेल्या मालाची भंगार किंमत चांगल्या मालासारखी धरून तेवढी रक्कम वजा करू लागला, तर काय करावे? आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने अशा वेळी छान केले. तिसऱ्या दिवशी त्याने कंपनीला लेखी कळवले की माल सडतो आहे, उद्या सकाळपासून आम्ही ओला माल वेगळा काढून वाळवणार आहोत, तुमचा माणूस पाठवा. नाही आला तर दोन शेजारी व्यापाऱ्यांच्या साक्षीने करू. वाचलेला माल विकताना तीन खरेदीदारांकडून लेखी भाव घेतले. पुढे सर्व्हेअरला त्या भावावर एक अक्षर बोलता आले नाही. नुकसान आटोक्यात कसे ठेवावे हे विमेदाराला सांगणे हेही सर्व्हेअरच्या कर्तव्यांत लिहिले आहे. तो सांगत नसेल तर आपण विचारावे, आणि विचारले हे कागदावर असावे.

आता आपल्या बाजूचे कडवे बोलावे लागेल. सर्व्हेअरने इमान ठेवावे असे म्हणणाऱ्याने आपला स्टॉकही इमानाने लिहिलेला असावा. बाजारात एक जुनी सवय आहे. सीसीची मर्यादा टिकावी म्हणून बँकेला दर महिन्याला जे स्टॉक स्टेटमेंट जाते, त्यात माल फुगवून दाखवायचा. गोदामात साठ लाखांचा माल, कागदावर एक कोटीचा. विमा साठ लाखांचा. समजा त्यातला वीस लाखांचा माल जळाला. सर्व्हेअर बँकेचे स्टेटमेंट मागवतो आणि म्हणतो, तुमच्याच सहीप्रमाणे माल एक कोटीचा होता, विमा साठ लाखांचा, म्हणजे चाळीस टक्के जोखीम तुमची स्वतःची. वीस लाखांतले बारा मिळतील. व्यापारी ओरडतो की हा जुलूम आहे. पण सही कोणाची? सर्व्हेअरने खरेदीची बिले, जीएसटीची विवरणे, चलने तपासून खरा आकडा काढायला हवा हे बरोबर, आणि तो फक्त आपल्याला तोट्याचाच कागद उचलत असेल तर ते निःपक्षपाताच्या विरुद्ध आहे हेही बरोबर. तरी खोटा कागद आपणच पुरवला असेल तर ही तक्रार फार लंगडी होते. २०२१ पासून लहान उद्योगांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची पॉलिसी आली. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ती आहे आणि तिच्यात पंधरा टक्क्यांपर्यंत विमा कमी असेल तर त्याबद्दल कपात होत नाही. पंधरा टक्क्यांची ही सवलत भावाच्या चढउतारासाठी आहे. फुगवलेला स्टॉक तिच्यात मावत नाही.

दुसरी गोष्ट जॉबवर्कची. आपल्या विणकर भावाच्या गाळ्यात सूत व्यापाऱ्याचे, बीम व्यापाऱ्याचे, विणून झालेले कापडही व्यापाऱ्याचे. विणकराचे फक्त लूम आणि मजुरी. माल कोणाचा आणि त्यात विमेदाराचे हित काय, हे तपासणे सर्व्हेअरचे कामच आहे. पॉलिसीत दुसऱ्याचा माल आपल्या ताब्यात असल्याचा उल्लेख नसेल तर विणकराला त्या सुताचे पैसे मिळत नाहीत, आणि व्यापाऱ्याच्या पॉलिसीत त्या गाळ्याचा पत्ता नसेल तर व्यापाऱ्यालाही मिळत नाहीत. मग दोघांत भांडण लागते. सर्व्हेअरला दोष देऊन उपयोग नाही. पॉलिसी घेतानाच दोघांनी बसून ठरवावे की हा माल कोणाच्या विम्यात आहे, आणि जॉबवर्कची चलने दोन्हीकडे जपून ठेवावीत.

आणि आता 'साहेबांना काय द्यायचे' याबद्दल. बाजारात असे मानले जाते की क्लेममधला काही टक्का वाटल्याशिवाय काम होत नाही. मागणारे आहेत, नाही असे नाही. पण देणारा आपल्याच पायाखालची जमीन काढून घेतो. ज्या सर्व्हेअरने आपल्याकडून घेतले त्याचा अहवाल स्वतंत्र राहिला नाही. कंपनीला संशय आला की तिला दुसरा सर्व्हेअर किंवा तपासनीस नेमायला आयतेच कारण मिळते. मग पहिला अहवाल कितीही बरोबर असला तरी तो मेला. ज्या आचारसंहितेवर उद्या कोर्टात उभे राहायचे आहे ती आपण पाकिटात घालून देऊन टाकलेली असते. शिवाय जो आपल्याकडून घेतो तो पलीकडूनही घेऊ शकतो, एवढा हिसाब तर व्यापाऱ्याला यायलाच हवा. कोणी मागितले तर चिडू नये, भांडू नये. पुढची सगळी बोलणी पत्राने करावीत. लेखी बोलणाऱ्याकडे मागणारे सहसा पुन्हा मागत नाहीत.

अदबीच्या नियमाविषयी दोन शब्द जास्त लिहितो, कारण तो आम्हाला लागतो. जळालेल्या गाळ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला 'आग लागली की लावली?' असे हसत विचारलेले आम्ही स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. वस्तीचे नाव आणि दारावरचे नाव वाचूनच काहींच्या मनात अहवाल तयार असतो. आगी लावणारेही बाजारात आहेत, आणि त्यांनी प्रामाणिक माणसाचे जेवढे नुकसान केले तेवढे कोणत्याही विमा कंपनीने केले नसेल. त्यांना आपण ओळखतो, तरी गप्प बसतो, त्यांच्या दावतीलाही जातो. ते असो. सर्व्हेअरला संशय घेण्याचा हक्क आहे. कारण शोधणे हे त्याचे कर्तव्यच आहे. पण संशय पुराव्यावरून यावा, नावावरून नव्हे. वायरिंग तपासा, फायर ब्रिगेडचा दाखला पाहा, वीज कंपनीचा अहवाल मागवा. असा टोमणा कोणी मारला तर तारीख, वेळ आणि शेजारी कोण उभे होते एवढे त्याच रात्री वहीत लिहून ठेवावे. सर्वांशी अदबीने वागावे हे त्याच्याच नियमांत आहे आणि नियम मोडला तर परवाना देणाऱ्या प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. परवाना निलंबित करण्याचा, रद्द करण्याचा अधिकार तेथे आहे.

सह्यांच्या बाबतीत फार सांभाळावे. काम संपत आले की सर्व्हेअर एक संमतीपत्र पुढे करतो: अमुक रकमेवर मी राजी आहे. हातात पैसा नसलेला, सुतवाल्याचे तगादे सुरू असलेला माणूस सही करून मोकळा होतो. कोरा कागद असेल तर अजिबात सही देऊ नये. रक्कम लिहिलेली असेल आणि ती मान्य नसेल तर 'हरकत राखून' असे स्वतःच्या हाताने लिहूनच सही करावी. उर्दूत लिहिले तरी चालेल, पण लिहावे. पैसे घेताना कंपनी जे व्हाउचर भरून घेते त्याबाबत प्राधिकरणाने २०१५ साली स्पष्ट केले आहे की अशा व्हाउचरमुळे विमेदाराचा पुढे दाद मागण्याचा हक्क जात नाही. तरीही सही जबरदस्तीने घेतली हे पुढे सिद्ध करीत बसण्यापेक्षा हरकतीचे चार शब्द स्वस्त पडतात.

मुदतींचेही भान ठेवावे. पूर्वी सर्व्हेअर ७२ तासांत नेमायचा आणि त्याने ३० दिवसांत अहवाल द्यायचा असा नियम होता. २०२४ साली प्राधिकरणाने त्या मुदती आणखी आखडल्या: नेमणूक २४ तासांत, अहवाल १५ दिवसांत आणि अहवाल आल्यावर कंपनीचा निर्णय ७ दिवसांत. कागदावर हे फार सुंदर आहे. पण घड्याळ आपण कळवल्यापासून सुरू होते, म्हणून आग लागल्याचा निरोप दलालाच्या फोनवर न ठेवता कंपनीला ई-मेलने किंवा पोच घेऊन द्यावा. कागद मागितले तर एकेक करून महिनाभर पुरवत बसू नये. 'आणखी काय हवे ते एकदाच लेखी सांगा' असे पत्र द्यावे आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची यादी सहीनिशी ठेवावी.

दाद मागायची जागाही एकच नाही. मालकी हक्काचा एकट्याचा धंदा किंवा सूक्ष्म उद्योग असेल तर विमा लोकपालाकडे जाता येते. वकील लागत नाही, फी लागत नाही, आणि २०२३ पासून ५० लाखांपर्यंतची भरपाई तो देऊ शकतो. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी, महिनाभर वाट पाहावी, आणि नकार आल्यापासून वर्षाच्या आत जावे. त्याहून मोठे प्रकरण असेल तर ग्राहक आयोग आहे. धंद्यासाठी घेतलेल्या विम्याचा विमेदार 'ग्राहक' नाही अशी हरकत कंपन्या पूर्वी घेत. एप्रिल २०२३ मध्ये हरसोलिया मोटर्सच्या निकालाने तिचे पाय कापले. मुदत दोन वर्षांची आहे आणि ती बोलाचालीत निघून जाते.

आमची सूचना बाजारातल्या संघटनांना आहे. लग्नाचे हॉल आणि क्रिकेटच्या ट्रॉफ्या यांतून थोडी फुरसत काढून त्यांनी एक वही ठेवावी. कोणाच्या गाळ्यात आग किंवा पाणी शिरले, सर्व्हेअर कोण आला, किती दिवसांनी आला, मागितल्यावर अहवालाची प्रत मिळाली की नाही, किती मागितले, किती मिळाले, आणि कपातीची कारणे लेखी दिली की नाही. नाव-बदनामीसाठी नव्हे, चांगला सर्व्हेअर कोण हेही त्याच वहीतून कळेल, आणि कंपनीला 'आमच्या बाजारात कापडाची समज असलेलाच माणूस पाठवा' असे सांगताना संघटनेच्या हातात काहीतरी असेल. वर्षातून एकदा एखाद्या निवृत्त सर्व्हेअरला बोलावून, मगरिबनंतर तासभर, पॉलिसी कशी वाचावी एवढेच समजून घ्यावे. बँकेच्या कपाटातल्या पॉलिसीची झेरॉक्स मात्र त्याआधी प्रत्येकाने आणून ठेवावी. वहीसाठी शंभर पानी रजिस्टर आणि आठवड्यातून एक तास देणारा मुनीम लागतो. आमच्या पेढीचा मुनीम द्यायला आम्ही तयार आहोत.